सायकलवाल्याला ट्रॅफिकचे नियम लागू होतात का? (आसूदच्या वळणावर राडा झाला, त्यावरून)

चढावरचा_भिडू (दापोली)

मंडळी नमस्कार. लांबलचक आहे, वेळ असेल त्यांनीच वाचा.

मी दापोलीत एका ऑफिसात क्लार्क आहे, लॉकडाऊनपासून सायकल चालवतो. रविवारी सकाळी दापोली ते हर्णै आणि बंदरावरून मासळी घेऊन परत, हा ठरलेला राउंड. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मधे आसूदला रस्ता माडापोफळीच्या बागांमधून वळणं घेत उतरतो, कडेला चिऱ्याचे गडगे (जांभ्या दगडाच्या भिंती), आणि समोरची गाडी गडग्याच्या आडून एकदम पुढ्यात येते. मागच्या रविवारी मी हर्णैहून परत येत होतो, म्हणजे चढ चढत होतो. माझ्या डाव्या बाजूची साइडपट्टी आणि तिला लागून दोनेक फूट डांबर पाइपलाइनसाठी खोदून ठेवलंय, ना पाटी ना दोरी, आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यामुळे सगळी लाल माती रस्त्यावर आलेली. मला वाटलं या चिखलात घसरण्यापेक्षा उजवीकडून गडग्याच्या कडेकडेने जाऊ, शंभर पावलांचा तर प्रश्न. आणि नेमकी वळणावर वरून मुंबई पासिंगची गाडी आली. मी घाबरून हँडल डावीकडे मारलं, त्याने ब्रेक दाबला, गाडी चिखलावर सरकली आणि त्याच्या डावीकडच्या गडग्याला खर्रर्र करून घासत थांबली. मी आडवा, गुडघा सोललेला, पिशवी फाटून बांगडे रस्त्यावर. आणि खरं सांगतो, त्या क्षणाला मला पहिल्यांदा बांगड्यांचीच काळजी वाटली.

तो उतरला, बघितलं लागलंय का, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. मग दाराकडे बघितलं आणि त्याचा सूर बदलला. "सायकलवाल्यांना काही नियम असतात की नाही? सहा हजार द्या." तेवढ्यात दोन रिक्षा थांबल्या, वाडीतली माणसं जमली, सगळी आपोआप माझ्या बाजूने. एक रिक्षावाला म्हणाला, "अहो सायकलला कसला आलाय नियम, ती काय गाडी आहे का?" शेवटी हजारावर मिटलं. मी दिले.

घरी आलो तर नववीतली मुलगी, जी रोज शाळेत सायकलने जाते, आयोडीन लावता लावता विचारते, "बाबा, पण तुम्ही राँग साइडला का होतात?" मला उत्तर देता आलं नाही. तर प्रश्न असा, कायद्याने सायकलवाल्याला नियम लागू आहेत का, आणि असोत नसोत, आपल्या असल्या रस्त्यांवर ते पाळावेत का? मुलीला काय सांगू?


डोंबिवली_फास्ट_चाकरमानी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पूर्ण चूक तुमची आहे, हजारात सुटलात हे नशीब. आम्ही गणपतीला, शिमग्याला गावी येतो, रोड टॅक्स भरतो, टोल भरतो, इन्शुरन्स भरतो, आणि रस्त्यावर गुरं, कुत्री, पोरं, आणि हे सायकलवाले. आता तर नवीन फॅशन, सागरी महामार्गाने मुंबई ते गोवा सायकलवर, रंगीत टाइट कपडे घालून दोघे दोघे शेजारी गप्पा मारत चाललेत, मागे आमची दहा गाड्यांची रांग. हॉर्न दिला तर वळून असे बघतात जसं काय आम्हीच त्यांच्या अंगणात शिरलोय. रस्ता वापरायचाय ना, मग नियम सगळ्यांना सारखे. बस.


काजूबोंडू

@चाकरमानी भाऊ, रोड टॅक्सचं राहू दे. सायकल घेताना जीएसटी यानेही भरलाय, आणि सायकलने रस्त्याला खड्डा पडलेला मी तरी आजवर बघितला नाही. खड्डे चिऱ्याच्या ट्रकने पडतात.

बाकी दोघे शेजारी शेजारी चालवतात हे बरोबर बोललात, ते मलाही डोक्यात जातं.


रिटायर्ड_हवालदार

मी पोलीस खात्यात होतो, त्यातली बरीच वर्षं चौकात उभं राहण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातली बरीचशी बंधनं "मोटार वाहन" चालवणाऱ्याला आहेत, आणि मोटार वाहन म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारं. पायडल मारून चालते ती सायकल त्यात बसत नाही. म्हणून लायसन नाही, नंबर प्लेट नाही, हेल्मेटची सक्ती नाही, इन्शुरन्स नाही, आणि ई-चलन फाटतं ते नंबरवर, त्यामुळे तेही नाही. तुमचा तो रिक्षावाला इथपर्यंत बरोबर.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायदा आहे, १९५१ चा, आधी त्याला मुंबई पोलीस कायदा म्हणायचे. त्यात वाहन या शब्दात सायकलही धरलेली आहे, हातगाडीसुद्धा. आणि रस्त्याची डावी बाजू धरून चालावं हा नियम त्यात आहे, खरीच अडचण किंवा पुरेसं कारण असेल तेवढी सूट ठेवून. आता डावीकडे खोदून ठेवलंय ही अडचण मी मान्य करतो. पण दोन फूट खोदलंय म्हणजे उरलेल्या डांबरावर डावीकडून जायला जागा होती. सूट खड्डा चुकवण्यापुरती, थेट पलीकडची कड धरायला नाही.

दुसरं, पूर्वी भादंविचं, म्हणजे भारतीय दंड विधानाचं, कलम २७९ होतं, बेदरकारपणे वाहन हाकणं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आलं. त्यात "मोटार" हा शब्दच नाही, कुठलंही वाहन. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सायकलवरून बाजारात कोणा म्हातारीला उडवलंत तर "सायकलला कसला नियम" हे पोलीस ठाण्यात चालणार नाही.

तुमच्या बाजूचंही एक सांगतो. अरुंद घाटरस्त्यात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि तो गाडीवाल्यांना ठाऊक असायलाच पाहिजे. २०१७ चे ड्रायव्हिंगचे नियम आहेत, त्यात पादचारी, सायकलवाले, मुलं, म्हातारी माणसं यांची विशेष काळजी घ्या असं चालकाला सांगितलेलं आहे. तो वळणावर हॉर्न न देता आला का? वेग किती होता? ते तुम्ही लिहिलेलं नाही.

जुनी आठवण. आमच्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागायचा. रात्री बत्ती नसेल तर हवालदार पकडायचा, डबलसीट दिसलात तरी पकडायचा, दंडाला पैसे नसतील तर हवा सोडून व्हॉल्व्ह काढून घ्यायचा आणि म्हणायचा जा चालत. माझाही काढलेला आहे एकदा. पुढे मीच हवालदार झालो तोपर्यंत बिल्लेही गेले आणि बत्त्याही गेल्या, आणि सायकल ही वस्तू पोलिसांच्या नजरेतूनच गेली.


चढावरचा_भिडू

हवालदार काका, दंडवत. हॉर्न दिला नव्हता त्याने, हे नक्की. वेग फार नसावा, पण माझ्या बाजूने सगळेच वेग फार वाटतात. आणि हो, डावीकडे जागा होती. चिखलातून जायला लागलं असतं एवढंच. आळस, दुसरं काही नाही.


खाडीपलीकडची

मी एका वकिलांकडे टायपिंगचं काम करते, अपघाताच्या क्लेमच्या फायली रोज हातातून जातात, म्हणून कायद्याची ही दुसरी बाजू लिहिते, कारण दंड बिंड सोडा, खरा फरक इथे पडतो.

गाडीने सायकलवाल्याला उडवलं तर गाडीच्या इन्शुरन्समधून भरपाई मिळते, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. तिथे समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, सायकल कुठल्या बाजूला होती, दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का. तुमचा निष्काळजीपणा दिसला तर त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. म्हणजे दादा, त्या दिवशी गुडघ्याऐवजी मांडीचं हाड मोडलं असतं, तर राँग साइडचे ते शंभर पावलं घरच्यांना किती लाखांना पडले असते विचार करा. आणि उडवून पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार, २०२२ च्या एप्रिलपासूनचे आकडे आहेत हे, आधी तर याहून कमी होते.

उलट बाजूने बघा, सायकलने कोणाला लागलं तर इन्शुरन्स नाहीच, सगळं खिशातून. तुम्ही हजार दिलेत त्याची काही चिठ्ठी घेतलीत का? "दोन्ही बाजूंनी मिटलं" एवढं व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्यायचं. गावात कोणी घेत नाही, माहितेय.


माजघरातला_गणित्या

मुलीला समजावायला कायदा नको, साधं त्रैराशिक पुरे. वळणावर समजा तीस मीटर दिसतं. गाडी ताशी ४० ने, सायकल २० ने (चढावर कमी असेल, हिशोबाला धरू). राँग साइडला असलात तर दोघे एकमेकांकडे ६० ने येता, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर. तीस मीटर संपायला दोन सेकंदही लागत नाहीत. आपल्या बाजूने असलात आणि तीच गाडी मागून आली तर फरक फक्त २० चा, तेच तीस मीटर संपायला पाच सेकंदांच्या वर लागतात, आणि मुख्य म्हणजे तो वेग कमी करून तुमच्या मागे राहू शकतो. समोरून येणाऱ्याला "मागे राहणं" हा पर्यायच नाही.

लोक म्हणतात समोरून येणारी गाडी दिसते म्हणून राँग साइड सेफ. चालणाऱ्याचं ठीक आहे, तो पटकन कडेला होऊन उभा राहतो. सायकल उभी राहत नाही, ती पडते.


पाववाल्याचो_झील (वेंगुर्ला)

वाचून बरा वाटला. माझो बापूस सायकलीर पाव विकी. मागे टोपली, पुढे भोंगो, पहाटे साडेपाचाक घरातून भायर. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून तुमच्या भाषेत लिहितो.

त्याला कायदा कोणी शिकवला नव्हता पण त्याचे स्वतःचे नियम होते आणि ते मोडले तर मार बसायचा. एक, वळणाच्या आधी भोंगा, वळणात नाही. वळणात वाजवून काय उपयोग, तोपर्यंत समोरचा येऊन ठेपतो. दोन, उतारावर पाऊस असेल तर खाली उतरायचं, कारण रिम ओली झाली की ब्रेक धरत नाही, आणि पाठीमागे शंभर पाव असले की सायकल आपली राहत नाही. तीन, हे तुम्हाला पटणार नाही, एकदम कडेने चालवायची नाही.

हे मला लहानपणी उलटं वाटायचं. शाळेत सांगायचे डावीकडून चाला, आणि बापूस कडेपासून हातभर आत चालवायचा, मागून एसटी आली तरी लगेच साइड देत नसे. म्हणायचा, कडेला गेलंस की गाडीवाल्याक वाटता जागा असा, आणि तो घुसता. आणि कडेला काय असतं तुम्हाला माहितेय, डांबर संपतं तिथे साइडपट्टी वीतभर खाली, चाक उतरलं की परत वर चढवताना हमखास पडणार, आणि पडणार ते आत, गाडीच्या बाजूला. पावसानंतर त्या कडेवर शेवाळ. म्हणून डावीकडे म्हणजे गटारात नव्हे. रुंद जागा आली की तो स्वतःहून बाजूला व्हायचा, हात करून एसटीला सोडायचा, ड्रायव्हरही हात करायचा. तीस वर्षं पाव विकला, एकदाच पडला, आणि तोही अंगणात.

चाकरमानी साहेब, तुम्हाला जे "मधून चालवतात" वाटतं ना, त्यातले अर्धे तरी असे कड वाचवत असतात. दोघे शेजारी गप्पा मारणाऱ्यांचं मी काही बोलत नाही.


डोंबिवली_फास्ट_चाकरमानी

हे साइडपट्टीचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. गाडीतून ती दिसतच नाही. ठीक आहे, एक पॉइंट तुम्हाला. पण रात्री बिनदिव्याची सायकल, तेही काळे कपडे घालून, याचं काय करायचं? मागच्या वर्षी परशुराम घाट उतरून आल्यावर एक माणूस असा अगदी पुढ्यात दिसला, बायको किंचाळली म्हणून वाचला.


रिटायर्ड_हवालदार

दिव्याचं शंभर टक्के खरं. मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली सायकल रात्री रस्त्यावर काढणं म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर आपला जीव ठेवणं. दोनशे-तीनशेत चार्जिंगचा दिवा येतो. पूर्वी डायनॅमो असायचा, चढावर जड जायचा म्हणून पोरं तो वर उचलून ठेवायची, नेमकं चढावरच अंधारात.


सातासमुद्रापार

माझा भाचा नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला असतो, तिकडचं सांगतो. सायकलवाल्यांचा देश, पण रात्री दिवा नसेल तर पोलीस थांबवून दंड करतात, याला झालाय. सायकल चालवताना हातात फोन धरायलासुद्धा २०१९ पासून बंदी आहे. आणि उलट, काही सिग्नलना पाटी असते की सायकलवाल्याने लाल असतानाही उजवीकडे वळलं तरी चालेल (ते उजवीकडून चालवतात, आपल्या डावीकडे समजा). अमेरिकेत आयडाहो राज्यात तर १९८२ पासून सायकलवाल्याला स्टॉपच्या पाटीपाशी पूर्ण थांबायची सक्ती नाही, हळू व्हायचं, बघायचं, कोणी नसेल तर जायचं. लाल सिग्नलला मात्र आधी थांबायचं आणि मग मोकळं असेल तर निघायचं. म्हणजे नियम सगळ्यांना सारखेच हवेत असं काही नाही, सायकलला सायकलचे नियम हवेत.


काजूबोंडू

आमच्याकडे आधी सिग्नल लावा म्हणावं, मग तोडायचा की नाही ते ठरवू 😄


रानमेवा_२

इलेक्ट्रिक सायकलला काय? माझ्या सासऱ्यांना घ्यायचीय.


रिटायर्ड_हवालदार

@रानमेवा, मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत, लायसन-पासिंग लागत नाही. दुकानदार याहून जोरात पळणारी गाडी "सायकलच आहे हो" म्हणून गळ्यात मारतात, तिथे सावध. सासऱ्यांना आरसा लावून द्या.


तिसरा_कठडा

मला हे सगळं नियम नियम ऐकून एकच वाटतं, त्या खोदणाऱ्या ठेकेदाराला कोणी विचारलं का? पाटी नाही, दोरी नाही, माती उचललेली नाही. गाडीवाला आणि सायकलवाला आपसात भांडले, हजार रुपये इकडून तिकडे गेले, आणि ज्याने रस्ता खाल्ला तो घरी झोपलाय. एवढंच.


खाडीपलीकडची

@तिसरा_कठडा बरोबर आहे. फोटो काढून ठेवा दादा, चराचा आणि चिखलाचा, तारखेसकट. ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.


चढावरचा_भिडू

सगळ्यांचे आभार. एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी मुलीला घेऊन त्या वळणावर जाऊन आलो, सायकली हातात धरून. तिला वरून गाडी येते तिथे उभं केलं आणि मी खाली जिथे होतो तिथे गडग्याला चिकटून उभा राहिलो, विचारलं दिसतोय का. "आवाज येतोय, बाबा दिसत नाहीत," म्हणाली. मग मी डावीकडे, चराच्या आतल्या अंगाला, पाववाल्या काकांसारखा कडेपासून हातभर आत उभा राहिलो. तर म्हणाली दिसताय, पूर्ण दिसताय. पाच-सहा पावलांचा फरक. गणित्या सरांचं त्रैराशिकही सांगितलं, पण ते तिने आधीच तोंडी केलं होतं म्हणे. मग मला विचारते, "बाबा, पण मग त्या काकांना तुम्ही दिसतच नव्हतात, तर हजार रुपये कमीच दिलेत ना?" यावर काय बोलणार.

मागचा लाल दिवा घेतला दोघांच्या सायकलींना. तिच्या सायकलला घंटी होती, माझ्या नव्हती, तीही लावली. रंग गुलाबी आहे कारण दुकानात तेवढीच शिल्लक होती. अर्ज ग्रामपंचायतीत दिला, पोच मिळाली. चर अजून तसाच आहे.

आणि एक नवीन लफडं. फोटो काढत होतो तेव्हा त्या गडग्याचे मालक आले, वयस्कर गृहस्थ, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ते मुंबईवाले गेले, तुमचं तुमचं मिटलं, पण माझे दोन चिरे पडलेत ते कोण लावणार?" हवालदार काका, याचं कलम कुठलं लागतं?


रिटायर्ड_हवालदार

कलम नको. रविवारी थोडं सिमेंट घेऊन जा आणि दोघांनी मिळून लावा. जाताना डावीकडून जा.